कार्बन डायऑक्साइड शोषणासाठी जलविरोधी पॉलिमर पटल: पॉलिप्रोपिलीन, पीव्हीडीएफ की पीटीएफई?

मुक्ता_रसायन (प्रश्न)

नमस्कार. मी रासायनिक अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. पोकळ तंतूंच्या जलविरोधी पटलाच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइड शोषून घेणे हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. मांडणी अशी आहे: तंतूच्या पोकळीतून १५ टक्के कार्बन डायऑक्साइड व उरलेला नायट्रोजन असे मिश्रण जाते आणि तंतूंच्या बाहेरून मोनोइथॅनॉलअमाइनचे, म्हणजे एमईएचे, ३० टक्के जलीय द्रावण फिरते. सध्या पॉलिप्रोपिलीन तंतूंचे बाजारात मिळणारे छोटे मॉड्यूल, म्हणजे तंतूंचे जुडगे बसवलेले नळकांडे, वापरते आहे.

माझी पहिली शंका मुळातलीच आहे. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचा व्यास साधारण ०.३३ नॅनोमीटर आणि नायट्रोजनचा ०.३६ नॅनोमीटर मानला जातो, तर या तंतूंची छिद्रे ४० नॅनोमीटरच्या आसपास आहेत. एवढ्या मोठ्या छिद्रांतून दोन्ही वायू सारखेच आत-बाहेर करणार, मग हे पटल त्यांना वेगळे कसे करते?

दुसरी शंका पटलाच्या निवडीची. अनेक शोधनिबंधांत पृष्ठभागावर फ्लोरिनयुक्त सिलेन किंवा सिलिकाचे सूक्ष्मकण बसवून स्पर्शकोन, म्हणजे द्रवाचा थेंब पृष्ठभागाशी करतो तो कोन (जितका मोठा, तितका पृष्ठभाग पाणी झिडकारणारा), १५० अंशांच्या वर नेलेला दिसतो. स्पर्शकोन जितका मोठा, तितके शोषण अधिक, असा सरळ संबंध आहे का?

तिसरी गोष्ट प्रत्यक्षातली आहे. सुरुवातीला शोषणाचा दर अपेक्षेपेक्षाही चांगला मिळाला. पण मॉड्यूल सतत चालू ठेवल्यावर तो हळूहळू घसरत गेला आणि वायू बाहेर पडतो त्या नळीत थेंब दिसू लागले. द्रावणाचा दाब मी वायूपेक्षा थोडाच अधिक ठेवला होता. सूत्राने काढलेला प्रवेशदाब, म्हणजे द्रव छिद्रात शिरायला लागणारा दाब, तर पंधरा बारच्याही वर येतो. मग द्रव आत शिरला कसा?

पाषाण_रोड

आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर थोडक्यात असे की, हे पटल वायू वेगळे करतच नाही. निवड करतो तो पलीकडचा द्रव. एमईए कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया करते, नायट्रोजनशी करत नाही. त्यामुळे नायट्रोजन द्रवाच्या पृष्ठभागापर्यंत येतो आणि जवळजवळ तसाच परत फिरतो. पटलाचे काम एवढेच की वायू आणि द्रव यांना एकमेकांत न मिसळता एकमेकांना भिडू द्यावे. वायू गाळून वेगळा करणारी निबिड, म्हणजे छिद्रे नसलेली, पटले आणि ही सच्छिद्र पटले यांची गल्लत वारंवार होते, कारण दोन्हींना आपण एकच नाव देतो.

मग पटल कशासाठी, असे कुणीही विचारील. पारंपरिक पॅक्ड कॉलममध्ये वरून द्रव ओघळतो, खालून वायू चढतो आणि दोघांची गाठ धातूच्या पन्हळी पत्र्यांवर पडते. तिथे एका घनमीटरमागे १०० ते २५० चौरस मीटर, फार तर त्याच्या दुप्पट पृष्ठभाग मिळतो. पोकळ तंतूंच्या जुडग्यात तोच आकडा हजार ते तीन हजारांच्या घरात जातो. शिवाय वायूचा वेग वाढवला म्हणून कॉलम तुंबणे, फेस येणे, वायूबरोबर द्रवाचे तुषार उडून जाणे या कटकटी राहत नाहीत आणि मॉड्यूल आडवे ठेवले काय, उभे ठेवले काय, फारसा फरक पडत नाही. समुद्रातील तेल-वायूच्या फलाटांना या गोष्टीचे मोल मोठे, म्हणून १९९०च्या दशकात नॉर्वेच्या क्वेर्नर आणि पीटीएफई (टेफ्लॉन) पटले बनवणाऱ्या गोर या कंपन्यांनी मिळून याच तत्त्वावर काम केले. कल्पना त्याआधीची आहे. मिनेसोटा विद्यापीठात ची झांग आणि एडवर्ड कस्लर यांनी सच्छिद्र पोकळ तंतूंतील वायुशोषणावरचे निबंध १९८५ साली प्रसिद्ध केले, आणि आजचे बहुतेक काम त्या मांडणीच्या पायावर उभे आहे.

आता स्पर्शकोनाकडे येऊ. छिद्रे कोरडी, म्हणजे वायूने भरलेली, राहिली तर पटलाचा अडथळा नगण्य असतो. ती द्रवाने भरली की चित्र पालटते. कार्बन डायऑक्साइडचे विसरण हवेत सेकंदाला सुमारे १.६ गुणिले १० चा उणे पाचवा घात चौरस मीटर इतके, तर पाण्यात १.९ गुणिले १० चा उणे नववा घात इतके असते. फरक सुमारे आठ हजार पटींचा आहे. छिद्राच्या लांबीपैकी पाच-दहा टक्के भाग जरी द्रवाने भरला तरी एकूण अडथळ्यात त्या भागाचाच वाटा सर्वांत मोठा होऊ शकतो. छिद्रातला तो द्रव हलत नाही, ताजा होत नाही. त्यातले अमाइन लवकरच खर्ची पडते आणि पुढच्या वायूला केवळ साचलेल्या द्रवातून वाट काढावी लागते. म्हणजे स्पर्शकोन मोठा केल्याने शोषण वाढत नाही, ते घसरण्यापासून वाचते. छिद्रे आधीच पूर्ण कोरडी असतील, तर ११० अंशांचे पटल आणि १५० अंशांचे पटल एकाच दराने चालायला हवे. एखाद्या निबंधात कोन वाढवल्याबरोबर पहिल्याच तासात शोषण दुप्पट झालेले दिसले, तर मूळ पटल आधीच ओलावलेले होते की काय, ही शंका मी आधी घेईन.

प्रवेशदाबाचे सूत्र आपण बरोबरच वापरले असणार: पृष्ठताण, स्पर्शकोनाची कोज्या आणि चार यांचा गुणाकार भागिले छिद्राचा व्यास. पण त्यात आपण कोणते आकडे घातले ते तपासावे. शुद्ध पाण्याचा ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर हा पृष्ठताण, कोऱ्या पॉलिप्रोपिलीनचा १०५ अंशांचा कोन आणि ४० नॅनोमीटरचे सरासरी छिद्र घेतले, तर साडेअठरा बार येतात. प्रत्यक्षात द्रव शिरतो तो सरासरी छिद्रातून शिरत नाही, सर्वांत मोठ्या छिद्रातून शिरतो. समजा काही छिद्रे २०० नॅनोमीटरची आहेत, अमाइनमुळे पृष्ठताण ५५ पर्यंत उतरला आहे आणि कोन ९२ अंशांवर आला आहे. हेच सूत्र आता ०.४ बारच्याही खालचे उत्तर देते. कोन ९० अंशांच्या जवळ आला की त्याची कोज्या शून्याकडे धावते, आणि तिथे एकेका अंशाची किंमत फार मोठी असते.

मॉड्यूलवाला

वरील उत्तराशी मी सहमत आहे. केवळ कोन खाली का येतो, तेवढे जोडतो. मी अनेक वर्षे औद्योगिक पाणीशुद्धीकरणातील पटलांची देखभाल पाहतो आहे. औषधनिर्मितीच्या कारखान्यांत अतिशुद्ध पाणी तयार करताना आरओनंतरच्या पाण्यातील विरघळलेला कार्बन डायऑक्साइड काढण्यासाठी हेच पॉलिप्रोपिलीन तंतू वापरले जातात. तिथे ते वर्षानुवर्षे कोरडे राहतात. त्याच जातीचे तंतू एमईएमध्ये घातले की काही आठवड्यांत कुरकुर सुरू होते. पॉलिमर तेच, बदललेला असतो तो द्रव.

अमाइनचे रेणू पॉलिप्रोपिलीनमध्ये थोडेथोडे मुरतात, तंतू किंचित फुगतो, छिद्रांचे आकार बदलतात आणि पृष्ठभाग पूर्वीइतका पाणी झिडकारत नाही. पीव्हीडीएफ या फ्लोरिनयुक्त प्लास्टिकचा प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर आहे. त्याच्या साखळीत हायड्रोजन आणि फ्लोरिन शेजारी-शेजारी बसलेले असतात. अल्कधर्मी द्रावणात हायड्रोजन फ्लोराइड निघून जाते आणि साखळीत दुहेरी बंध तयार होतात. हे डोळ्यांना दिसते. पांढरा शुभ्र तंतू आधी पिवळसर, मग चहासारखा तपकिरी होतो आणि बोटांत धरून वाकवला तर पूर्वीसारखा न लवता तुटतो. तरीही निबंधांत पीव्हीडीएफ एवढे का दिसते, तर ते द्रावकात विरघळते आणि प्रयोगशाळेत त्याचे तंतू काढणे सोपे असते. पीटीएफई अमाइनला दाद देत नाही. त्याची पृष्ठऊर्जा मीटरला २० मिलिन्यूटनच्या आसपास, म्हणजे पॉलिप्रोपिलीनपेक्षा पुष्कळच कमी. मात्र ते द्रावकात विरघळत नाही, भुकटी दाबून आणि ताणून त्याचे तंतू करावे लागतात, म्हणून ते महाग पडते आणि फार बारीक, एकसारखी छिद्रे मिळवणे अवघड जाते. चौथा पर्याय पीईईके या पॉलिमरचा आहे. अमेरिकेत गॅस टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट आणि पोरोजेन यांनी त्याचे तंतू अतिजलविरोधी करून अलाबामातील विल्सनव्हिल येथील राष्ट्रीय कार्बन कॅप्चर केंद्रात औष्णिक केंद्राच्या धुरावर चाचण्या केल्या आहेत.

फ्लोरिनयुक्त पॉलिमर निवडणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे यांनी २०२३ च्या जानेवारीत युरोपीय रसायन संस्थेकडे पीफास, म्हणजे निसर्गात सहज न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांच्या, गटावर निर्बंध घालण्याचा जो प्रस्ताव दिला, त्याच्या कक्षेत पीटीएफई आणि पीव्हीडीएफ दोन्ही येतात. आजच्या प्रकल्पाला याची अडचण नाही; परंतु 'पुढील वाव' या प्रकरणात ते लिहिले नाही, तर परीक्षक विचारतील.

आता आपले थेंब. ते गळलेले द्रावण आहे की साकळलेली वाफ, हे आधी ठरवा. द्रावण कोमट असते, त्यातून पाण्याची वाफ कोरड्या छिद्रांमधूनही पलीकडे जाते आणि थंड नळीत तिचे थेंब होतात. हे पटल ओलावल्याचे लक्षण नाही, मात्र हीच वाफ छिद्रांतच साकळली तर पटल आतून ओलावते. केवळ लिटमस पाहून निर्णय करू नका, कारण वाफेबरोबर थोडे अमाइनही जाते आणि कागद निळा होतोच. थेंब जमवून त्यांची विद्युतवाहकता मोजा. कार्बन डायऑक्साइड शोषलेल्या अमाइनमध्ये आयनांची गर्दी असते, त्यामुळे गळलेल्या द्रावणाची वाहकता साकळलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक भरते आणि दोन्हींतला फरक लपत नाही. त्यानंतर मॉड्यूल पाण्याने धुऊन, कोमट नायट्रोजन सोडून पूर्ण वाळवा आणि पुन्हा चालवा. दर मूळ पातळीवर परतला आणि पूर्वीइतकाच टिकला, तर पाणी साकळत होते. या खेपेस दर अधिक लवकर घसरला, तर पृष्ठभागच बदलला आहे.

तंतूंची टोके मॉड्यूलमध्ये घट्ट बसवणाऱ्या इपॉक्सीकडेही, म्हणजे पॉटिंगकडेही, पाहा. अमाइन इपॉक्सीला खाते. तंतू निर्दोष आणि गळती पॉटिंगमधून, असा प्रकार मी पाहिला आहे आणि त्या वेळी दोष अर्थातच तंतूंवर ढकलला गेला होता.

संचचालक

मी औष्णिक वीज केंद्रात काम केले आहे, त्यामुळे माझी दृष्टी थोडी निराळी आहे. आपण नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडच्या बाटल्या जोडून प्रयोग करता. धुराड्यातून येणारा वायू तसा नसतो. आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते. ईएसपीनंतरही, म्हणजे विजेने राख पकडणाऱ्या यंत्रणेनंतरही, कण उरतात. २००४ ते २०१६ या काळात उभ्या राहिलेल्या संचांना घनमीटरला ५० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. आपल्या तंतूची पोकळी पाव मिलिमीटरची असेल आणि वायू तिच्यातूनच न्यायचा असेल, तर ती राख जाणार कुठे? त्यात सल्फर डायऑक्साइड अमाइनशी असे क्षार तयार करते, जे तापवूनही सुटत नाहीत, म्हणून अमाइनपूर्वी तो जवळजवळ शून्यावर आणावा लागतो. २०२५ च्या जुलैमधील अधिसूचनेने देशातील बहुसंख्य संचांना एफजीडीच्या, म्हणजे धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणाऱ्या यंत्रणेच्या, सक्तीतून वगळले आहे. तेव्हा पटल येण्यापूर्वीच्या यंत्रणेचा खर्चही कार्बन पकडणाऱ्याच्याच खात्यावर पडेल.

आकारमानाचाही हिशेब मांडून पाहावा. कोळशावर एक मेगावॉट-तास वीज निर्माण करताना साधारण ०.९ ते १ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला अकरा-बारा हजार टन. विंध्याचल येथे एनटीपीसीने २०२२ मध्ये सुरू केलेला अमाइनवर चालणारा संयंत्र दिवसाला २० टनांचा आहे. चौरस मीटरला सेकंदाला एक मिलिमोल हा शोषणाचा दर गृहीत धरला, तर तासाला एक टन शोषण्यासाठी सहा हजारांहून अधिक चौरस मीटर पटल लागेल, आणि तासाला ४०० टनांसाठी सुमारे २५ लाख चौरस मीटर. घनमीटरला दोन हजार चौरस मीटर धरले, तर हे सगळे साडेबाराशे घनमीटरमध्ये मावते, हे मान्य. कॉलमच्या मानाने ते लहानच आहे. पण त्यातले एक मॉड्यूल ओलावले, तर कोणते ते शोधायचे कसे?

माझा मुख्य आक्षेप मात्र वाफेबद्दल आहे. शोषलेला वायू सोडवण्यासाठी एमईए १२० अंशांपर्यंत तापवावे लागते आणि टनामागे साधारण साडेतीन ते चार गिगाज्यूल उष्णता लागते. ही वाफ टर्बाइनमधून काढावी लागते, म्हणजे तेवढी वीज कमी. कॉलमच्या जागी पटल बसवल्याने यात काडीचाही फरक पडत नाही, कारण ही उष्णता द्रावणाच्या रसायनाने ठरते. शोषणाच्या बाजूचे भांडे लहान झाले, एवढ्यावरून 'खर्च निम्म्यावर' असे मथळे देणाऱ्यांनी दुसऱ्या बाजूचे बिल पाहिलेले नसते.

मुक्ता_रसायन

सर्वांचे आभार. थेंबांची वाहकता मोजून घेते. एक प्रश्न यातून नव्याने सुचला. छिद्रे ओली होणे हीच खरी अडचण असेल, तर छिद्रांच्या तोंडावर निबिड पॉलिमरचा पातळ थर चढवून ती बंदच का करू नयेत? द्रव शिरणार नाही आणि कार्बन डायऑक्साइड त्या थरातून विरघळत पार होईल.

भूलतज्ज्ञ_कोल्हापूर

माझा विषय कार्बन कॅप्चर नाही, पण हा प्रश्न वाचून राहवले नाही, कारण आमच्या क्षेत्रात नेमके हेच घडले आहे. हृदयशस्त्रक्रियेत रक्ताला ऑक्सिजन देऊन त्यातला कार्बन डायऑक्साइड काढणारे ऑक्सिजनेटर हे पोकळ तंतूंचेच बनलेले असतात. सच्छिद्र पॉलिप्रोपिलीनचे ऑक्सिजनेटर काही तासांच्या शस्त्रक्रियेला उत्तम चालतात. मात्र रुग्णाला अनेक दिवस एक्मोवर, म्हणजे शरीराबाहेर रक्ताला ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावर, ठेवले, की रक्तातील फॉस्फोलिपिड छिद्रांच्या भिंतींवर बसतात, तिथला जलविरोधी गुण कमी होतो आणि प्लाझ्मा वायूच्या बाजूला झिरपू लागतो. बाहेर जाणाऱ्या नळीत पिवळसर फेस दिसला की काय झाले ते आम्हाला कळते. त्यानंतर ऑक्सिजनेटर बदलावाच लागतो. आपण वर्णन केलेल्या थेंबांचा हा सख्खा भाऊ म्हणावा लागेल. त्यावर उपाय म्हणून पॉलिमिथाइलपेंटीनचे तंतू आले. त्यांच्या बाहेरील पृष्ठभागावर अतिशय पातळ निबिड साल असते, त्यातून वायू जातात, प्लाझ्मा जात नाही. कोविडच्या काळात ज्यांना दिवसचे दिवस एक्मोवर ठेवले, ते अशाच तंतूंच्या भरवशावर.

पाषाण_रोड

वरील उदाहरण अगदी चपखल आहे. कार्बन कॅप्चरमध्येही पॉलिमिथाइलपेंटीन, पीडीएमएस (एक सिलिकोन रबर) आणि काही फ्लोरोपॉलिमरांचे पातळ थर वापरून हा मार्ग चोखाळला गेला आहे. अडचण थराच्या जाडीत आहे. एक मायक्रॉनच्या आसपासचा, एकसंध, सुईच्या टोकाएवढेही भोक नसलेला थर हजारो तंतूंवर चढवायचा आणि तो अमाइनमध्ये फुगता कामा नये. जाड केला तर टिकतो, पण मग कोरड्या छिद्रांचा जो फायदा होता तो थरातच संपतो. रक्तातून वायूची देवघेव मंद असते, म्हणून तिथे सालीचा अडथळा फारसा जाणवत नाही. एमईएची अभिक्रिया वेगवान असल्याने इथे तो जाणवतो.

संचचालकांचा वाफेचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. त्यामुळेच माझ्या मते आपल्याकडे या पटलांनी पहिल्यांदा पाय रोवायचे ते औष्णिक केंद्रात नव्हे, तर बायोगॅसमध्ये. साखर कारखान्यांच्या प्रेसमडपासून, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळापासून, मिळणाऱ्या बायोगॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ टक्के असतो, राख नसते, वायूचे प्रमाण आटोक्यातले असते आणि दाबाखाली साधे पाणीही शोषक म्हणून चालते. पाणी असेल तर पॉलिप्रोपिलीन कोरडे राहते, हे मॉड्यूलवाल्यांनी सांगितलेच आहे. हायड्रोजन सल्फाइड तेवढा आधी काढावा लागेल.

निबंधांतील १५० अंशांच्या लेपांविषयी एक सावधगिरी बाळगावी. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही ते पानाच्या मेणामुळे आणि सूक्ष्म खडबडीतपणामुळे, आणि हे लेप त्याच युक्तीवर चालतात. खडबडीतपणाच्या खाचांत हवा अडकून राहिली, तरच ही युक्ती टिकते. अमाइनचा प्रवाह चालू असताना खाचांत द्रव शिरला, की तोच खडबडीतपणा उलट काम करतो आणि थेंब पृष्ठभागाला चिकटून बसतो. लेपामागचे सिलेन बंधही अल्कधर्मी द्रावणात तुटतात.

आपल्या प्रकल्पासाठी माझी सूचना अशी की, पटल बदलण्याआधी द्रव बदलून पाहा. नेदरलँड्सच्या टीएनओ संस्थेने पॉलिप्रोपिलीनसाठी अमिनो आम्लांचे क्षार वापरले, कारण त्यांच्या जलीय द्रावणाचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी होत नाही, उलट किंचित वाढतो. पोटॅशियम ग्लायसिनेट आपल्याच प्रयोगशाळेत ग्लायसिन आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड समप्रमाण मोलमध्ये मिसळून करता येते. त्याचेही द्रावण अल्कधर्मी असल्याने पीव्हीडीएफ त्यात घालू नये. पॉलिप्रोपिलीन तंतूंचे तुकडे एका बरणीत एमईएमध्ये आणि दुसरीत ग्लायसिनेटमध्ये ४० अंशांवर बुडवून ठेवा, दर आठवड्याला काही तुकडे काढून धुऊन वाळवा आणि त्यांचा स्पर्शकोन व प्रवेशदाब मोजा. मॉड्यूल चालवण्याचे काम त्याच्या बरोबरीने सुरू राहू द्या. प्रवेशदाब कालानुसार कसा उतरतो याचा आलेख आपल्या हाती आला, की मॉड्यूलमधील घसरण त्याच्याशी जुळते का, ते पाहता येईल. आलेख तयार झाल्यावर इथे अवश्य टाकावा. मला ग्लायसिनेटच्या बरणीबद्दल उत्सुकता आहे, विशेषतः भरपूर कार्बन डायऑक्साइड शोषल्यावर त्यात स्फटिक पडून छिद्रांची तोंडे बुजतात का, याबद्दल.